यंत्र एका कंपनीचे, जोडसाहित्य दुसऱ्याचे

लाकडाला लाकूड जोडणे हा सुतारकामाचा गाभा आहे. फळी कापणे, रंधा मारून ती गुळगुळीत करणे ही कामे सरावाने जमतात. पण खुर्चीचा पाय वर्षानुवर्षे डुगडुगू नये आणि ड्रॉवर ओढताना त्याचा दर्शनी भाग हातात येऊ नये, हे सारे सांध्यावर अवलंबून असते. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्या मापाचे कूस काढायचे आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसवायची, ही पटाशीने करण्याची जुनी रीत. गेल्या काही दशकांत हे काम विजेवर चालणाऱ्या हातयंत्रांनी आपल्याकडे घेतले. राऊटर, ट्रिमर, बिस्किट जॉइनर, डॉमिनो अशी त्यांची नावे.

या यंत्रांच्या मागोमाग आणखी एक बाजारपेठ उभी राहिली. यंत्र एका कंपनीचे असते. पण त्याला लागणारे पाते, बिट, मार्गदर्शक पट्टी, साचा किंवा धुळीच्या नळीचा जोड भलत्याच कंपनीचा असतो. मोटारीच्या बाबतीत सीट कव्हर किंवा अलॉय व्हील जसे बाहेरून बसवून घेतात, तसाच हा प्रकार. त्याला आफ्टरमार्केट ॲक्सेसरीज म्हणतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत चक्कर मारली, तर यंत्रांपेक्षा या साहित्याचीच मांडणी अधिक दिसते. मोटारीचे सीट कव्हर चुकीचे निघाले तर फार तर पैसे वाया जातात. मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या यंत्रात चुकीचे बिट बसले, तर हिशेब बोटांचा होतो.

बिस्किटाची गोष्ट

स्वित्झर्लंडमधील हर्मन स्टायनर या सुताराने १९५५ मध्ये एक साधी युक्ती शोधली. दोन्ही फळ्यांच्या कडेला अर्धचंद्राकृती खाच पाडायची, त्यात गोंद भरायचा आणि दाबून तयार केलेल्या बीच लाकडाची चपटी, लंबगोल चकती घालून फळ्या एकमेकींवर दाबायच्या. गोंदातील पाणी पिऊन ती चकती फुगते आणि खाचेत घट्ट बसते. हीच ‘लॅमेलो’ पद्धत. चकतीच्या आकारामुळे जगभर तिला ‘बिस्किट’ हे नाव पडले. हातात धरून खाच पाडण्याचे यंत्र त्यानंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. बिस्किटांची शून्य, दहा आणि वीस क्रमांकांची मापे रूढ झाली. वीस क्रमांकाचे बिस्किट ५६ मिलिमीटर लांब आणि २३ मिलिमीटर रुंद असते. तिन्हींची जाडी मात्र एकच, चार मिलिमीटर.

सगळे आफ्टरमार्केट या चार मिलिमीटरवर उभे आहे. मापे सर्वमान्य झाल्याने कोणत्याही कंपनीचे बिस्किट कोणत्याही कंपनीच्या यंत्राने पाडलेल्या खाचेत चालते. पात्यांचेही बव्हंशी तसेच. पण येथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली पात्याच्या मधल्या भोकाची. बाहेरचा व्यास सारखा असला, तरी भोक यंत्रागणिक वेगळे असू शकते. मोठ्या भोकाचे पाते कसेबसे मध्यावर आणून आवळणे हा शुद्ध वेडेपणा होय. दुसरी गोष्ट धारेची. वारंवार धार लावलेल्या पात्याचे दात दोन्ही बाजूंनी झिजून बारीक होतात, खाच अरुंद पडते आणि बिस्किट अर्ध्यावर अडते. अशा वेळी दोष बिस्किटाला दिला जातो. खरे तर पाते बदलण्याची वेळ झालेली असते.

बिस्किटाचा सांधा किती मजबूत, यावर कारागिरांत मतभेद आहेत. बिस्किटाचा खरा उपयोग दोन फळ्या एका पातळीत आणण्यासाठी आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. टेबलाचा पृष्ठभाग किंवा कपाटाची चौकट यांना ते पुरते. खुर्चीच्या पायाला पुरत नाही.

डॉमिनो आणि एक मिलिमीटरचा वाद

खुर्चीच्या पायाचा प्रश्न सोडवला तो जर्मनीच्या फेस्टूल कंपनीने २००६ च्या सुमारास आणलेल्या डॉमिनो यंत्राने. यातील कटर गोल फिरताफिरताच डावी-उजवीकडे झुलतो. त्यामुळे गोल भोकाऐवजी दोन्ही टोकांना गोलाई असलेली लांबट खाच तयार होते. तिच्यात तयार कूस बसवले, की पटाशीच्या कामाच्या तोडीचा सांधा काही सेकंदांत होतो. डीएफ ५०० हे लहान यंत्र जास्तीत जास्त २८ मिलिमीटर खोल जाते. काही वर्षांनी आलेले मोठे डीएफ ७०० हे ७० मिलिमीटरपर्यंत पोहोचते.

या एका यंत्राभोवती जोडसाहित्याचा छोटा उद्योगच उभा राहिला. अमेरिकेतील सेनेका वुडवर्किंग ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते. तिची डॉमिप्लेट ही ॲल्युमिनियमची पट्टी यंत्राच्या मूळ फेन्सऐवजी वापरायची असते. अर्ध्या आणि पाऊण इंची प्लायवूडच्या मध्यावर खाच यावी, असे अंतर तिच्यात कायमचे बसवलेले आहे. याची गरज का पडली? डीएफ ५०० वर फळीच्या जाडीसाठी १६, २०, २२, २५, २८, ३६ आणि ४० मिलिमीटर अशा ठरावीक पायऱ्या आहेत. अमेरिकी पाऊण इंची प्लाय त्यांत बसत नाही आणि आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा १८ किंवा १९ मिलिमीटरचा प्लायही बसत नाही.

मात्र ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. १८ मिलिमीटरच्या प्लायला वीसच्या पायरीवर खाच पाडली, तर ती मध्यापासून एक मिलिमीटर सरकेल, इतकेच. दोन्ही तुकड्यांवर फेन्स दर्शनी बाजूलाच टेकवली असेल, तर दोन्हींत खाच सारखीच सरकते आणि सांधा सपाट बसतो. एकावर दर्शनी बाजूने आणि दुसऱ्यावर मागील बाजूने खाच पाडली, की दोन मिलिमीटरचा ओटा आलाच. तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलने खूण करण्याची सवय ही महागड्या पट्टीपेक्षा अधिक कामाची. पट्टीचा खरा फायदा वेगळा आहे. तिला बिजागरी नसल्याने ती हलत नाही, आणि दिवसभरात शे-दोनशे खाचा पाडणाऱ्या कारखान्याला तेच हवे असते.

याच कंपनीचा दुसरा जोड लहान यंत्राचे कटर मोठ्या यंत्रात बसवू देतो. दोन्ही यंत्रांचे आटे वेगळे असल्याने एरवी ते शक्य नसते. मात्र कटरची लांबी लहानच राहते. त्यामुळे यंत्रावरील खोलीचा आकडा आणि प्रत्यक्ष खाच यांचा मेळ टाकाऊ तुकड्यावर तपासल्याशिवाय चांगल्या लाकडाला हात लावू नये.

तयार कुसांच्या बाबतीत तर स्वतःचे साहित्य करणे सर्वांत सोपे. कंपनी आत वापरायच्या सामानासाठी बीचची कुसे देते. उघड्यावरच्या कामासाठी सिपो या महोगनीसारख्या लाकडाची. आपल्याकडे सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या योग्य जाडीला रंधून, कडा राऊटरने गोल करून हवी तेवढी कुसे निघतात. सागात तेल असल्याने गोंद लावण्यापूर्वी कूस थिनरने पुसून घ्यावे.

सहा आणि सव्वासहा

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी काम करणाऱ्या सुताराकडे डॉमिनो नसेल. ट्रिमर किंवा राऊटर मात्र हमखास असतो. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

राऊटरचे बिट ज्या पकडीत आवळले जाते तिला कोलेट म्हणतात. बिटाची दांडी मेट्रिक मापात ६, ८ किंवा १२ मिलिमीटरची असते. इंची मापात ती पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, किंवा अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. दुकानात ही सारी बिट एकाच खोक्यात ठेवलेली असू शकतात आणि बोलीभाषेत सहा आणि पाव इंच ‘एकच’ मानले जातात. ते एक नाहीत. सहा मिलिमीटरची दांडी पाव इंची कोलेटमध्ये घातली, तर ०.३५ मिलिमीटरची फट राहते. नट जोर लावून आवळला, की बिट घट्ट झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोलेटच्या पाकळ्यांनी दांडी एक-दोन ठिकाणीच धरलेली असते. लाकडात शिरताच बिट हळूहळू खाली सरकते आणि खाच खोल होत जाते. एखाद्या वेळी ते निसटून बाहेरही येते. बारा मिलिमीटरची दांडी अर्ध्या इंची कोलेटमध्ये घातल्यास फट ०.७ मिलिमीटरची, म्हणजे दुप्पट.

यावर उपाय एकच. दांडीच्या नेमक्या मापाचे कोलेट घ्यावे. ते त्याच यंत्रासाठी बनवलेले असावे. कागदाची गुंडाळी किंवा टेप लावून फट बुजवण्याचे प्रकार पाहायला मिळतात. ते पाहताच काम थांबवावे. दांडी किमान वीस मिलिमीटर आत जायला हवी. मात्र ती तळाला टेकवून आवळू नये. टेकल्यावर दोन-तीन मिलिमीटर वर घेऊन आवळावी.

दुसरा आकडा वेगाचा. राऊटरचे फेरे तेवढेच ठेवले, तरी बिट जितके रुंद तितका त्याच्या कडेचा वेग अधिक. मिनिटाला २२ हजार फेऱ्यांना १२ मिलिमीटरच्या बिटाची कड ताशी ५० किलोमीटरने फिरते. दाराच्या पॅनेलला उतार देणारे ७५ मिलिमीटरचे बिट त्याच फेऱ्यांना ताशी ३०० किलोमीटर ओलांडते. म्हणून मोठी बिट दहा-बारा हजार फेऱ्यांवरच चालवायची असतात आणि तीही टेबलाला बसवलेल्या राऊटरमध्ये. एकाच वेगाच्या लहान ट्रिमरमध्ये नव्हे. चांगल्या बिटावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. युरोपात लाकूडकामाच्या फिरत्या पात्यांसाठी ईएन ८४७-१ हे सुरक्षा मानक आहे. हाताने लाकूड सरकवण्यास योग्य असलेल्या कटरवर त्यानुसार ‘एमएएन’ ही इंग्रजी अक्षरे असतात. ज्यावर काहीच कोरलेले नाही, ते बिट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

डव्हटेल सांध्याचे साचेही राऊटरच्याच जोरावर चालतात. साच्याच्या कडेने फिरणारी धातूची कडी, म्हणजे गाइड बुश, यंत्राच्या तळाशी बसवावी लागते. बुशचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन, एवढे अंतर साच्याच्या कडेपासून सुटते. १७ चे बुश आणि १२ चे बिट असेल तर अडीच मिलिमीटर. दुसऱ्या कंपनीचे बुश बिटाच्या नेमके मध्यावर बसले नाही, तर हे अंतर यंत्र फिरवेल तसे बदलते आणि सांधा कधी सैल, कधी घट्ट येतो. बुश मध्यावर आणण्यासाठी शंकूच्या आकाराची पिन मिळते. ती आधी घ्यावी, साचा नंतर.

तिरप्या भोकातून स्क्रू घालण्याचा ‘पॉकेट होल’ जिग या सर्वांत निरुपद्रवी आणि उपयुक्त. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील क्रेग सॉमरफेल्ड यांनी १९८० च्या दशकात तो लोकप्रिय केला. साध्या ड्रिलवर चालतो, पंधरा अंशांच्या कोनात भोक पाडतो. आज त्याच्या असंख्य स्वस्त नकला मिळतात. त्यांतील पोलादी नळी मऊ असेल, तर काही महिन्यांत ड्रिल हलू लागते; एवढेच पाहून घ्यावे.

दगडाचे यंत्र, लाकडाचे पाते

शेवटी आपल्याकडच्या सर्वाधिक खपाच्या, आणि सर्वाधिक धोकादायक, जोडसाहित्याविषयी. फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम निघाले, की प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटा बसवलेला मार्बल कटर दिसतो. फटीतून वर आलेले ११० मिलिमीटरचे लाकूड कापण्याचे पाते, आणि त्यावर हाताने सरकवली जाणारी फळी. खाचा आणि गाळे याच ‘टेबल सॉ’वर पडतात.

मार्बल कटर दगडासाठी बनलेला आहे. दगडाच्या डायमंड पात्याला दात नसतात. ते घासत जाते. लाकडाचे पाते दातांनी ओढत जाते. कापलेली फट मागून मिटली, की पाते चिमटले जाते आणि फळी माणसाच्या दिशेने फेकली जाते. तिच्यामागोमाग हातही पात्यावर जातो. खऱ्या टेबल सॉमध्ये पात्याच्या मागे फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी असते. हाताच्या वर्तुळाकार करवतीला आपोआप मिटणारे झाकण असते. मार्बल कटरमध्ये यांपैकी काहीही नाही, आणि मिनिटाला १३ हजार फेऱ्यांना पात्याच्या कडेचा वेग ताशी २७० किलोमीटर असतो. हाच नियम ग्राइंडरला. गंमत अशी, की बिस्किट जॉइनर हे ग्राइंडरच्याच कुळातले यंत्र. परंतु त्याचे पाते पेटीत बंद असते, दाबल्यावरच बाहेर येते आणि सोडताच स्प्रिंगने आत जाते. ग्राइंडरला दाती पाते लावणाऱ्याने ही पेटी तेवढी वगळलेली असते.

घरमालक येथे एक करू शकतो. कामाच्या बोलीतच वर्तुळाकार करवत आणि तिची मार्गदर्शक पट्टी धरावी, किंवा प्लाय दुकानातूनच मापात कापून आणावा.

धुळीच्या नळीचे जोड बिनमहत्त्वाचे वाटतात. पण लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. यंत्राच्या तोंडाचे आणि व्हॅक्यूमच्या नळीचे माप क्वचितच जुळते. रबरी पायरीचा जोड किंवा थ्री-डी प्रिंटरवर काढलेला जोड हा फार मोठा खर्च नव्हे. बंद खोलीत काम चालू असेल तर तो हवाच. हमीचे म्हणाल, तर बाहेरच्या साहित्यामुळे झालेले नुकसान बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत. पाते किंवा बिट वापरले म्हणून हमी जात नाही. पण मोटारीचे बेअरिंग तुटलेल्या बिटामुळे गेले, तर भांडण्यात अर्थ नसतो.

बिस्किटांबाबत एक सूचना खास कोकण आणि मुंबईकरांसाठी. पावसाळ्यातील दमट हवा पिऊनच ती फुगतात आणि मग खाचेत जात नाहीत. पाकीट उघडताच ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. फुगलेली बिस्किटे मंद आचेच्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवली, की बहुधा पुन्हा चार मिलिमीटरवर येतात.