विहीर, हातपंप आणि नळ : वर्धा जिल्ह्यातील पिण्याचे पाणी

वर्धा जिल्ह्याचा बराचसा भूभाग बेसाल्ट खडकाचा असून त्यावर कापसाची काळी माती आहे. या खडकात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून एका वावरातील विहीर बारमाही असते, तर शेजारच्या वावरातील उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठते. अशा मुलखात बारमाही विहीर ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती गावाची तहान असे, आणि अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना कोणी वरून पाणी ओतेपर्यंत काठापासून दूर थांबावे लागे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला खरा, पण वर्धा तेव्हा मध्य प्रांतात असल्यामुळे त्याची कक्षा येथवर पोहोचत नव्हती. येथे पहिले पाऊल खासगी पुढाकाराने पडले : जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले आणि आपल्या विहिरींवरील मज्जावही उठवला.

पुढे 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, राहावयास आले आणि 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. तिने परिसराची सफाई हा शिक्षणाचाच भाग मानला. 

सरकारी यंत्रणा खऱ्या अर्थाने गावात शिरली ती 1972 च्या दुष्काळात. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि केंद्राचा वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमही सुरू झाला. विंधन विहीर, म्हणजे खडकात यंत्राने पाडलेले अरुंद व खोल छिद्र, आणि त्यावरचा हातपंप ही या काळाची ठळक खूण होय. पुढे देशभर पसरलेल्या इंडिया मार्क 2 पंपाची पूर्वपीठिका सोलापूर आणि जालना येथील प्रयोगांत सापडते. बंद तोंडाच्या या विहिरीत कोणाचीही बादली उतरत नसल्यामुळे वरून घाण जाण्याची वाट अडली आणि विटाळाच्या जुन्या सबबीचाही आधार सुटला, मात्र रांगेतला भेद पंपामुळे आपोआप मिटला असे म्हणता येत नाही.

उघड्या विहिरी मात्र वापरात राहिल्याच. पूर्वी पटकीची साथ आली की त्यांत ‘लाल औषध’, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकत. त्याची जागा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीने घेतली. या पावडरीला ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकल्यावर ‘ओटी’ चाचणी घेतो : नळीतील पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच पिवळी छटा आली, तर पाण्यात पुरेसा क्लोरीन उरला आहे असे समजतात. स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धतही रूढ झाली. सेवाग्रामच्या 1969 मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तेथे रोग आणि पाणवठा यांचा संबंध त्यांना घरोघर पाहावयास मिळतो.

स्रोत आटण्याचा प्रश्न मात्र पावडरीने सुटणारा नव्हता. 1993 च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास बंदी घातली, परंतु कारंजा, आष्टी, आर्वी या संत्र्याच्या पट्ट्यात बाग जगवणारा शेतकरी आणि पाणी भरणारी बाई एकाच भूजलावर विसंबून असल्यामुळे असा नियम अमलात आणणे अवघड असते. 2019 मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर हे उद्दिष्ट ठेवले, तर 2 ऑक्टोबर 2020 पासून शाळा व अंगणवाड्यांसाठी शंभर दिवसांची खास मोहीम हाती घेतली. या नळांचे पाणीही बहुधा नदीनाल्याकाठच्या विहिरीतूनच उपसले जाते, आणि त्यात टीसीएल टाकण्याचे काम आजही अल्प मानधनावरील जलसुरक्षकाकडेच आहे.