मुंबईचा ब्लॉक आणि राहनाळची वखार

ठाण्याहून खाडी ओलांडून भिवंडीस जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, शहराच्या वेशीशीं राहनाळ हें गांव लागतें. एके काळीं भातखाचरांचा असलेला हा मुलूख आज वखारींचा झाला आहे. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे हीं नांवें घेतांच आतां पिकापेक्षां मालाच्या थप्प्या आणि ट्रकांच्या रांगा डोळ्यांपुढें येतात. मुंबईच्या हद्दींत माल शिरला कीं जकात द्यावी लागे. म्हणून व्यापारी हद्दीबाहेर जागा भाड्यानें घेऊन माल ठेवीत. ता. १ जुलै २०१७ पासून ही जकात गेली, तरी वखारी हलल्या नाहींत. कारण मुंबई, ठाणें आणि नाशिकचा हमरस्ता हीं सारीं जवळच आहेत.

वखारीचा व्यवहार सरळ असतो. मुदत, भाडें आणि भाड्याची वाढ कागदावर लिहिली जाते. मुदत सरली कीं करार नवा होतो किंवा जागा रिकामी होते. परंतु त्याच मुंबईंत समुद्राकडे तोंड असलेलें एखादें उत्तम घर भाड्यानें हवें असेल, तर मोठी अनामत आणि थोडक्या महिन्यांची परवानगी यांपलीकडे बहुधा कांहीं हातीं लागत नाहीं. मालास जें स्थैर्य मिळतें तें माणसास कां मिळूं नये, या प्रश्नाचें उत्तर मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत आहे.

मुंबई हें मुळांत भाडेकरूंचें शहर. गिरणगांवांतील मजूर जसा चाळींतल्या खोलीचें भाडें भरी, तसाच नामांकित बॅरिस्टरही भाड्याच्याच घरीं राही. १८९६ सालीं प्लेग आला. त्याच्या धक्क्यानें १८९८ सालीं सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वस्तीची आंखणी झाली. पुढें बॅकबेंत समुद्र हटवून जमीन काढण्यांत आली. १९३० नंतरच्या दशकांत या जमिनीवर, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस आणि मरीन ड्राइव्हच्या कांठीं, सिमेंट काँक्रीटच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. मैदानाच्या पूर्वेस हायकोर्ट आणि विद्यापीठ यांची शिखरें, तर पश्चिमेस गोलाकार गच्च्या, लांबट छज्जे आणि विजेच्या पाळण्यांचीं हीं घरें! रीगल हें चित्रपटगृह १९३३ सालीं आणि इरॉस १९३८ सालीं उघडलें; तीहि याच पिढीचीं.

या घरास मुंबईकर ‘ब्लॉक’ म्हणूं लागला. चाळींत नळ आणि संडास सामाईक. ब्लॉकांत न्हाणीघर, स्वयंपाकघर, सारें आपल्या दाराच्या आंत. त्या काळीं असा ब्लॉक विकत घेण्याची चाल नव्हती. सबंध इमारत एखाद्या धनिकाची किंवा विमा कंपनीची असे आणि राहणारे सारे बिऱ्हाडकरू असत. भाड्यानें राहण्यांत कमीपणा नव्हता. उलट भांडवल घरांत न अडकवितां व्यवसायांत घालतां येई. सहकारी तत्त्वावर १९१५ सालीं गावदेवी येथें निघालेल्या सारस्वत गृहनिर्माण संस्थेंतहि सभासद हे संस्थेचे भाडेकरूच होते.

मग भाड्यावर कायद्याचें नियंत्रण कां आलें? कारण युद्ध. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, ग्लासगो शहरांतील स्त्रियांनीं वाढीव भाडें देण्याचें नाकारलें आणि त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटला भाडें गोठवावें लागलें. मुंबईंतहि १९१८ सालीं तसाच कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानें तीच वेळ पुन्हां आणली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. घरें मोजकीं आणि माणसें अफाट. अशा स्थितींत १९४७ सालच्या कायद्यानें ता. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण मानलें. गरिबाच्या डोक्यावरचें छप्पर त्यामुळें वांचलें, हें विसरतां कामा नये.

परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत अर्धशतक टिकला. शिवाय त्यानें परळची खोली आणि मरीन ड्राइव्हचा ब्लॉक यांत भेद केला नाहीं. समुद्राची हवा लोखंडी सळया खाते. चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी यांचे दर चढत गेले. भाडें मात्र जागच्या जागीं राहिलें. मालकानें डागडुजी सोडली. भाडेकरूचा हक्क वारसास मिळूं लागला आणि ‘पागडी’ देऊन तो हस्तांतरित होऊं लागला. जुन्या इमारती कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ च्या कायद्यानें त्यांच्या दुरुस्तीसाठीं सरकारी मंडळ नेमावें लागलें. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, तोंवर नवा बांधकाम करणारा भाड्याच्या फंदांत पडेनासा झाला होता. तो घर विकून मोकळा होई. १९७३ सालच्या दुरुस्तीनें तेव्हां परवानगीनें राहणाऱ्यांसहि भाडेकरूचें संरक्षण दिलें. तेव्हांपासून मालकांच्या मनांत बसलेली धास्ती अद्याप गेलेली नाहीं.

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठलेलें भाडें अवाजवी ठरविलें. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ता. ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ देऊं केली, पागडीस मान्यता दिली आणि बँका व एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भांडवलाच्या कंपन्या यांस संरक्षणांतून वगळलें. बलवानास कायद्याच्या कवचाची गरज नाहीं, हें तत्त्व येथें प्रथमच स्पष्ट झालें.

२०१८ सालीं युनेस्कोनें ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह परिसरांतील ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदविला. परंतु मानपत्रानें भिंतीस गिलावा होत नाहीं. ज्या भाड्यांत जिन्याची दुरुस्तीहि निघत नाहीं, त्या भाड्यानें वारसा कसा टिकावा? उलट, सारें बंधन एकाएकीं काढलें, तर त्या भिंतींत आयुष्य काढलेल्या वृद्धांनीं कोठें जावें?

राहनाळची वखार या कोड्याचें अर्धें उत्तर देते. भाडें इमारत जगण्याइतकें असावें आणि मुदत उभयतांस आधीं ठाऊक असावी. उरलेलें अर्धें उत्तर वखारीपाशीं नाहीं. मुदत संपतांच माल दुसरीकडे हलवितां येतो. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा वैद्य आणि शेजार मात्र गाडींत भरतां येत नाहींत. म्हणून घराची मुदत दीर्घ हवी आणि दुर्बळास आधार हवा. तो भार मात्र एकट्या घरमालकावर न टाकतां समाजानें उचलला पाहिजे. १९४७ सालीं ही वांटणी ठरली नाहीं. म्हणूनच भाड्यानें वसलेल्या या नगरींत आज भाड्याचें घर दुर्मिळ झालें आहे.