पिकअपचा डिझेल पंप गेला? घरी खोलण्याआधी हे तपासा

यवतमाळ : कापसाच्या हंगामात वणी, पांढरकवडा, घाटंजी, आर्णीच्या रस्त्यांवर माल भरलेल्या पिकअप दिवसरात्र धावतात. अशात गाडी चढावर ओढेनाशी झाली किंवा मधेच बंद पडली की 'डिझेल पंप गेला' असं सगळ्यात आधी म्हटलं जातं. पण अनेकदा पंप चांगलाच असतो. फिल्टर चोक झालेला असतो, डिझेलमध्ये पाणी असतं किंवा लाइनने एअर धरलेली असते. त्यामुळे पंपावर खर्च करण्याआधी थोडी तपासणी करावी.

पंप कोणता, ते ओळखा

डिझेल गाडीत पंपाची कामं दोन. फीड पंप टाकीतून डिझेल ओढून पुढे देतो. त्याचं प्रेशर कमी असतं. मेन पंप तेच डिझेल मोठ्या प्रेशरने इंजेक्टरला देतो. जुन्या डीआय इंजिनाच्या अनेक गाड्यांत फीड पंप मेन पंपाच्या अंगाला बाहेरून बसवलेला असतो आणि त्यावर हाताने मारायचा प्रायमर असतो. असा फीड पंप पाना-पेचकस चालवता येणाऱ्याला घरी बदलता येतो. मेन पंप मात्र घरी खोलू नये.

आधी चार तपासण्या

१. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालू करून पाहा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे.
२. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी असेल तर ते तळाशी बसतं.
३. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवा. काही फीड पंपांच्या इनलेटला बारीक जाळी असते, तीही साफ करा.
४. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप हाताने चाचपून पाहा. चिरलेला पाइप किंवा ढिला क्लॅम्प हवा ओढतो. बाहेर थेंबही दिसत नाही.

हे सगळं ठीक असूनही प्रायमर मारल्यावर हाताला जोर लागत नसेल, तर फीड पंपावर संशय घ्यावा. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल वाढलेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन चालू करू नका, मिस्त्रीला बोलवा.

फीड पंप असा बदलावा

गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची मायनस वायर काढा. पंपाभोवतीची माती पुसून घ्या. धुळीचा कणही इंजेक्टर खराब करतो. कोणता पाइप कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पाइप सोडून त्यांची तोंडं स्वच्छ बूच लावून बंद करा आणि पंपाचे नट थोडे थोडे, सारखे सैल करा.

जुना पंप दुकानात नेऊन त्याच मापाचा आणावा. पॅकिंग आणि तांब्याचे वायसर नवेच टाकावेत. पंप बसवल्यावर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा, मग स्क्रू आवळा. बॅटरी जोडून एका वेळी १०-१५ सेकंदच सेल्फ मारा आणि मधे थांबा. गाडी चालू झाली की सगळे जोड कुठे गळत नाहीत ना, ते पाहा.

इथे हात लावू नका

सीआरडीआय इंजिनात रेलमधलं प्रेशर १,६०० बारपर्यंत, म्हणजे २३,००० पीएसआयच्या वर जाऊ शकतं. ट्रकच्या टायरमध्ये साधारण १०० ते १२० पीएसआय हवा असते, यावरून अंदाज यावा. चालू इंजिनात गळती बोटाने शोधली तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण आतलं मांस सडून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नये. १०८ला फोन करून लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं आणि प्रेशरचं डिझेल आत गेल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, लांबूनच तपासावी.

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचं नियंत्रण कॉम्प्युटरकडे असतं. मीटरवर इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावल्याशिवाय पंप बदलू नये. गाडी वॉरंटीत असेल तर थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी.

पेट्रोलच्या छोट्या मालगाड्यांत पंप सहसा टाकीच्या आत असतो. चावी लावल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद घूंऽ आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. टाकी घरी उतरवू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि चूल, विडी किंवा वायरच्या ठिणगीनेही पेट घेते.

काढलेलं डिझेल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावं.