सांधा न जुळलेली चित्रे

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पीण्या नावाचे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. या क्षेत्रातील काही साध्या शेड १९७२ साली भारतीय अवकाश संशोधनाच्या कामासाठी घेण्यात आल्या. प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह आकारास आला. ३६० किलो वजनाचा आणि २६ पैलूंचा हा उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरील कापुस्तिन यार येथून सोव्हिएत अग्निबाणाने आकाशात गेला. पुढे बंगळुरातच अशाच साध्या शेडमध्ये ‘ॲपल’ हा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह घडला. तो १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपच्या ‘एरियान’ अग्निबाणावर चढला, आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दूरवर पोहोचविण्याचे प्रयोग त्याने केले.

यंत्र एका देशाचे आणि वाहन दुसऱ्या देशाचे. तरीही दोन्ही वेळा खाचेत खीळ नेमकी बसली. यात दैवाचा भाग नव्हता. दोन्ही पक्षांचे तंत्रज्ञ आधी एकत्र बसले होते. सांधा प्रथम ठरला आणि वस्तू मागाहून घडली. परंतु जे अवकाशात साधले, ते माणसाच्या दिवाणखान्यात मात्र दीर्घकाळ साधले नाही. शिकागोस स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने पुण्याहून लग्नाच्या चित्रीकरणाची तबकडी सोबत न्यावी, नव्या घरातील यंत्रात ती घालावी, आणि पडद्यावर मांडवाऐवजी सरकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसाव्यात, किंवा काहीच दिसू नये, हा अनुभव हजारो घरांनी घेतला. तबकडी बिघडलेली नसे, यंत्रही ठीक असे. बिघडलेला होता तो सांधा. आणि त्याचा इतिहास दूरचित्रवाणीहूनही जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीज घरोघर पोहोचू लागली, तेव्हा विजेच्या प्रवाहाने सेकंदास किती आवर्तने घ्यावीत याविषयी जगात एकवाक्यता नव्हती. अमेरिकेत ६० आवर्तनांची प्रथा रुजली, तर जर्मनीत आणि पुढे बहुतेक युरोपात ५० आवर्तनांची. भारताकडे ब्रिटिश अमदानीतून ५० हाच आकडा आला. पुढे दूरचित्रवाणी निघाली, तेव्हा पडद्यावरील चित्राची गती विजेच्या गतीशी जुळवून घेणे सोयीचे ठरले. तसे न केल्यास चित्रावर आडव्या पट्ट्या तरंगत जात. म्हणून अमेरिकेने १९४१ साली ५२५ रेषांचे आणि सेकंदास ३० चित्रांचे माप स्वीकारले, तर युरोपात पुढे ६२५ रेषा आणि २५ चित्रे हे माप रूढ झाले. विद्युतगृहात पूर्वी झालेल्या एका निवडीची सावली अशा रीतीने चित्रावर पडली.

रंग आले, तेव्हा ही फूट अधिक रुंदावली. अमेरिकेने १९५३ साली ‘एनटीएससी’ ही रंगीत पद्धती मान्य केली. तीत संकेत वाटेत किंचित ढळला, तरी चेहऱ्याचा वर्ण बदलत असे. हा दोष टाळण्यासाठी जर्मन अभियंता वाल्टर ब्रुख याने १९६३ साली ‘पाल’ ही पद्धती दाखविली. तीत एकाआड एक रेषेवर रंगसंकेताची कला उलटविली जाते, त्यामुळे एका रेषेवरील चूक दुसरीवरील चुकीने भरून निघते. फ्रान्समध्ये आंरी द फ्रान्स याची ‘सेकाम’ पद्धती सिद्ध झाली आणि सोव्हिएत संघानेही तिचा अंगीकार केला. १९६६ साली ऑस्लो येथे युरोपासाठी एकच पद्धती ठरविण्याचा प्रयत्न झाला, तो निष्फळ ठरला. तंत्रज्ञांच्या मेजावर राष्ट्राभिमानही येऊन बसला होता. एकत्र बसणे पुरेसे नसते, एकमतही व्हावे लागते, हा त्या बैठकीचा धडा होय.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण आले ते ‘पाल’ पद्धतीचे. त्यामुळे परदेशी गेलेल्या मराठी माणसाचे नशीब त्याने कोणते विमान धरले यावर ठरू लागले. लंडनमध्ये १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ नांदत आहे. तेथील घरात मुंबईहून आलेली ध्वनिचित्रफीत सहसा चाले, कारण ब्रिटनही ‘पाल’चाच. दुबई-मस्कतकडे गेलेल्यांचेही तसेच. अमेरिकेत मात्र तीच फीत मुकी होई. तेथे १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि १९८४ साली शिकागोत त्याचे पहिले अधिवेशन भरले. माणसे भाषेच्या धाग्याने एकत्र आली. पण एकाच आईची दोन लेकरे, एक लंडनला आणि एक शिकागोला, एकच फीत पाहू शकत नव्हती.

डीव्हीडी तबकडी १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत बाजारात आली. तिच्यावरील चित्र अंकरूप असल्यामुळे जुने भेद मिटतील अशी अपेक्षा होती. वस्तुतः ५० आणि ६० यांचा भेद तबकडीतही उतरला. चित्र एकीकडे ५७६ रेषांचे, तर दुसरीकडे ४८० रेषांचे. सेकंदास २४ चित्रांनी टिपलेला चित्रपट ‘पाल’साठी २५च्या गतीने चालवीत. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटे आधी संपे, आणि स्वर मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर गाणे अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतके वर चढे. जाणत्या कानाला पट्टी बदलल्याचे कळावे एवढा हा फरक होता.

याशिवाय एक नवीन भिंत उभी राहिली, आणि ती हेतुपुरस्सर बांधलेली होती. चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी प्रदर्शित होत. एका देशातील तबकडीने दुसऱ्या देशातील चित्रगृहाचा धंदा बुडवू नये, म्हणून निर्मात्यांनी जगाचे सहा विभाग पाडले. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्यात, भारत पाचव्यात. संगणकातील तबकडीयंत्राचा विभाग तर केवळ पाच वेळा बदलता येई. विजेच्या आवर्तनांनी घातलेली सीमा अजाणतेपणाची होती. ही सीमा हिशेबाची होती.

भारतीय व्यापाऱ्यांनी यातून शहाणपणाची वाट काढली. अनेक हिंदी चित्रपटांच्या तबकड्या त्यांनी विभागबंधनाविना आणि अमेरिकी पद्धतीत काढल्या. भारतातील यंत्रे बहुधा दोन्ही पद्धती समजून घेत. अमेरिकेतील यंत्रांना सहसा एकच भाषा येई. म्हणून बहुभाषिकाने एकभाषिकाच्या भाषेत बोलावे, तसे हे झाले. बाजारातील चित्रपट असा मार्गी लागला. अडले ते ज्याला व्यापारी मोल नव्हते ते: मुंज, लग्न, आजोबांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा, गावच्या रंगमंचावरील नाटक. या घरगुती तबकड्यांवर विभागाचे कुलूप नव्हते. तथापि त्या भारतीय कॅमेऱ्याने टिपलेल्या, म्हणून ‘पाल’च्या होत्या. कोणी दोन्ही पद्धती जाणणारे यंत्र शोधून आणले, कोणी संगणकावर पाहिले, कोणी पैसे देऊन रूपांतर करून घेतले. अनेकांनी तबकडी कपाटात ठेवली आणि पुढे कधीतरी पाहू म्हटले.

आज चित्रे तारेवाटे आणि आकाशवाटे क्षणात सातासमुद्रापार जातात, आणि तबकडी वाजविणारी यंत्रेच दुर्मीळ होत चालली आहेत. कपाटातील तबकडीही जीर्ण होते. तिच्यावरील आवाज ज्यांचे, ती माणसे अनेकदा उरलेली नसतात. म्हणून चालणारे यंत्र हाताशी आहे तोवर तिची नवी प्रत करून घेणे, हे आता त्या घरांचे काम आहे. ‘आर्यभट’ आपले काम संपवून १९९२ साली पृथ्वीच्या वातावरणात विलीन झाला. पीण्यात घडलेले ते यंत्र परक्या अग्निबाणावर निर्वेध बसले, कारण ते कोठे बसायचे आहे याचा विचार घडविण्याआधी झाला होता. घरातील चित्रांसाठी तो विचार कोणी आधी केला नाही. तो मागाहून करण्यास अद्याप थोडा अवधी शिल्लक आहे.