मेंढरे आणि पुष्पदरी

मेंढरू फिरले की डोंगर उजाड होतो, हा आरोप आम्हां मेंढपाळांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्याची शहानिशा करण्यास गढवाल-हिमालयातील भ्युंडार खोऱ्याचा इतिहास उपयोगी पडेल.

१९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माईथ ह्या इंग्रज गिर्यारोहकास हे बहरलेले खोरे दिसले, आणि त्याच्या १९३८ च्या ग्रंथाने त्याची कीर्ती जगभर पसरली. त्या काळीही तेथील मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन ह्या कुरणांत येतच असत. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व चराई बंद झाली. पुढे अमेला नावाची पुरुषभर उंचीची वनस्पती माजली. तिच्या दाट सावलीत नाजूक फुलझाडे गुदमरू लागली आणि वनखात्यास ती उपटण्याची मोहीम काढावी लागली. चराईबंदी हेच ह्याचे कारण, असे काही अभ्यासकांनी म्हटले. इतरांनी ते मान्य केले नाही.

ह्यावरून आम्ही सर्वथा निर्दोष ठरतो, असे मात्र नव्हे. मेंढरे कोवळे शेंडे बी धरण्यापूर्वीच खुडतात. त्यांच्या खुरांनी उतारावरील माती सुटते. परंतु माफक चराईने उंच तण दबते व ठेंगण्या फुलांना ऊन मिळते. किती मेंढरे, केव्हा आणि किती दिवस, ह्यावरच सारे अवलंबून आहे. आमचे वाडवडील एका रानात फार दिवस मुक्काम करीत नसत. बंधुभगिनींनो, ते तारतम्य जपणे, हेच ह्या आरोपास आमचे खरे उत्तर होय.