शहाण्या मुलाचे मौन

मूल रडायचे थांबले की आपण समाधानाने म्हणतो, ‘शहाणे झाले!’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील रुग्णालयांतही हीच समजूत रूढ होती. दाखल केलेल्या मुलाला भेटायला आईवडिलांना आठवड्यातून एखादा तास मिळे. काही ठिकाणी तोही मिळत नसे. बाहेरच्यांबरोबर रोगजंतू येतात, आणि आई परतली की मूल पुन्हा रडते, अशी दोन कारणे दिली जात. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. परिचारिका कर्तव्यदक्ष होत्या, डॉक्टर निष्णात होते. चांगल्या माणसांच्या हातून मुलांना इजा कशी होते, हे समजण्यासाठी हा इतिहास जाणून घेतला पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने इंग्लंडमधील शहरांतून लाखो मुलांना खेड्यांत हलवण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाने दोन सहकाऱ्यांसह एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून इशारा दिला, की पाच वर्षांखालील मुलांना आईपासून दीर्घकाळ तोडणे त्यांच्या मनाला धोक्याचे आहे. पुढे लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धाची झळ पोहोचलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहे चालवली. तेथे जेम्स रॉबर्टसन हा तरुण स्कॉटिश कामगार नोकरीला होता. मुलांचे बोलणे-वागणे टिपून ठेवण्याची शिस्त त्याला तिथेच लागली.

१९४८ मध्ये रॉबर्टसन बोल्बींच्या संशोधनात सामील झाला. रुग्णालयांतील मुलांचे निरीक्षण करताना त्याला दुःखाच्या तीन पायऱ्या आढळल्या. प्रथम आक्रोश, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता. या तिसऱ्या पायरीलाच सारे ‘रुळले’ म्हणत होते. डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा रॉबर्टसनने कॅमेरा हाती घेतला. १९५२ च्या त्याच्या चित्रपटात लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. ती फारशी रडत नाही. ओठ आवळून, आपले खेळणे धरून बसते आणि मध्येच आईची चौकशी करते. घरी निघताना मात्र ती आईचा हात धरायचे नाकारते.

लंडनच्या वैद्यकीय सभेत हा चित्रपट दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. परंतु डोळ्यांनी पाहिलेले विसरणे सोपे नसते. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावरील बंधने उठवावीत आणि लहान मुलांजवळ आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. ती लगेच अमलात आली नाही. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील काही मातांनी त्यासाठी संघटना उभारली आणि बंद दरवाजे हळूहळू उघडत गेले.

बोल्बींच्या विचारातही दुरुस्ती झाली. आईवरच सारा भार टाकण्याची चूक मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवली. मुलाचा भावबंध वडिलांशी, आजीशी किंवा सांभाळणाऱ्या अन्य मायेच्या माणसाशीही जुळतो, हे मान्य झाले. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्याचा क्रम मांडला: आधी सुरक्षितता, नंतर घडलेल्याचे स्मरण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे.

आज तरुणांचे आणि कुटुंबांचे समुपदेशन करणारे अनेक जण याच पायावर उभे आहेत. ‘तुझे काय बिघडले आहे?’ असे न विचारता ‘तुझ्यावर काय गुजरले?’ असे ते विचारतात. सांगण्याची घाई करत नाहीत. शक्य आणि सुरक्षित असेल, तर आईवडिलांनाही समोर बसवतात. त्यांनी स्वतःची बाजू न मांडता मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे, एवढीच पहिली अपेक्षा असते. ती पुरी करणे मात्र फार जड जाते.

आपल्या घरांतही एखादा मुलगा अबोल होतो, एखादी मुलगी काही मागेनाशी होते. आपण त्याला समजूतदारपणा मानून निश्चिंत होतो. कधी तो समजूतदारपणा असेलही. कधी मात्र हाक मारूनही कोणी येत नाही, हे त्या जिवाने शिकून घेतलेले असते. लॉराने धरला नाही म्हणून तिच्या आईने आपला हात कायमचा मागे घ्यायचा नव्हता. तो पुढे ठेवून थांबणे, हेच या साऱ्या इतिहासाचे सार आहे.