कागदावरचा मासा आणि बाजारातला मासा

ऑगस्ट १९९९. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एका माशासाठी तीन देश न्यायासनासमोर उभे होते. एका बाजूस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, दुसऱ्या बाजूस जपान, आणि समोर आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरण. वाद होता तो सदर्न ब्लूफिन टूना या माशाची जपानने ठरलेल्या कोट्याबाहेर चालवलेल्या ‘प्रायोगिक’ मासेमारीचा. आदल्या वर्षी त्या प्रयोगात सुमारे १,४६४ टन मासा धरला गेला होता. सात वर्षांनी जे आकडे उजेडात आले, त्यांच्या शेजारी हे दीड हजार टन ठेवून पाहिले की हसावे की रडावे, हे कळेनासे होते. हा धागा त्या आकड्यांचा आहे, आणि ते सापडले कसे याचाही.

आधी माशाची ओळख. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातला हा मासा, पण देहाने आणि आयुर्मानाने कितीतरी थोर. लांबी दोन मीटरांपर्यंत, वजन दोनशे किलोंच्या घरात, आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत. दक्षिण गोलार्धात अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत अशा तिन्ही महासागरांत तो भटकतो, परंतु अंडी घालण्यासाठी एकाच ठिकाणी येतो : जावा बेटाच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात. तो प्रौढ व्हायला आठ ते बारा वर्षे लागतात. आज पिल्ले बेसुमार धरली, तर अंडी घालणाऱ्या माशांची संख्या घटल्याचे दशकभराने ध्यानात येते, आणि तोवर धरणारा नामानिराळा झालेला असतो.

१९५० च्या दशकात जपानी जहाजे या माशामागे लागली. शंभर किलोमीटरांहून लांब दोर, त्याला टांगलेले सुमारे तीन हजार गळ, अशी ती लाँगलाइन पद्धत. १९६१ मध्ये या माशाची एकूण पकड ८१,००० टनांवर गेली. तो आकडा पुन्हा कधी गाठता आला नाही. तिकडे ऑस्ट्रेलियाचे मच्छीमार किनाऱ्याजवळची कोवळी पिल्ले धरून डबाबंद कारखान्यांना विकत होते. त्यांची पकड १९८२ मध्ये २१,००० टनांपुढे गेली. दरम्यान जहाजांवर उणे ६० अंशांची शीतगृहे आली, दूरच्या समुद्रातला मासा कच्चा खाण्याच्या दर्जाचा राहून टोकियोपर्यंत पोहोचू लागला आणि त्याच्या किमतीचे गणितच बदलले. डब्यात जाणारा मासा आता साशिमीच्या ताटात जाऊ लागला.

मासा आटतो आहे हे १९८० च्या दशकात तिन्ही देशांना उमगले. १९८९ पासून वाटप ठरले : जपान ६,०६५ टन, ऑस्ट्रेलिया ५,२६५ टन, न्यूझीलंड ४२० टन, एकूण ११,७५० टन. १९९३ मध्ये करार झाला, १९९४ मध्ये तो अमलात आला आणि सदर्न ब्लूफिन टूना संवर्धन आयोग स्थापन झाला. त्याचे कार्यालय कॅनबेरात.

आता खरा प्रश्न. मोजणार कोण? आयोगापाशी गस्तीची जहाजे नव्हती. प्रत्येक देशाने आपापल्या जहाजांची पकड मोजावी, कळवावी, आणि इतरांनी ती खरी मानावी, अशी रीत होती. जहाजाचा कप्तान नोंदवहीत लिहिणार, ती वही त्याच्याच देशाच्या खात्याकडे जाणार, खाते बेरीज करून आयोगाला पाठवणार. मराठेशाहीच्या महसुली दप्तरांत डोकावलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. लागवडीखाली जमीन किती हे सांगणारा तोच आणि सारा भरणाराही तोच असेल, तर आकडा कोणीकडे झुकतो हे वेगळे सांगायला नको. अठराव्या शतकातल्या कारकुनाला निदान शेत डोळ्यांनी पाहता येत असे. येथे शेत होते तीन महासागरांएवढे.

१९९० च्या दशकात जपानचे म्हणणे असे की मासा सावरतो आहे, कोटा वाढवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड म्हणत, पुरावा नाही. मग जपानने पुरावा मिळवण्यासाठी म्हणून प्रायोगिक मासेमारी सुरू केली आणि प्रकरण हॅम्बुर्गला गेले. २७ ऑगस्ट १९९९ रोजी न्यायाधिकरणाने अंतरिम आदेश दिला की प्रत्येक देशाने ठरलेल्या मर्यादेत राहावे, आणि प्रयोगाची पकडही त्यातच मोजावी. सागरी कायद्याच्या इतिहासात हा आदेश सावधगिरीच्या तत्त्वासाठी आजही अभ्यासला जातो. पण वर्षभरानंतर, ४ ऑगस्ट २००० रोजी, लवाद मंडळाने आपल्याला या वादात अधिकारच नाही असा निवाडा देऊन तो आदेश रद्द केला. विद्यार्थ्यांच्या टिपणांत पहिला आदेश ठळक असतो, दुसरा निवाडा बहुधा समासात. प्रत्यक्षात अंमल चालला तो दुसऱ्याचाच.

या साऱ्या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती : प्रयोग सोडला तर बाकीची पकड कागदावर दाखवली आहे तेवढीच आहे.

त्या गृहीतकाला तडा गेला तो समुद्रात नव्हे, बाजारात. सदर्न ब्लूफिन जगात कुठेही धरला तरी जवळपास सगळा एकाच देशात विकला जातो, आणि तो देश जपान. टोकियोचा त्सुकिजी घाऊक बाजार रोजच्या लिलावाचे हिशेब ठेवी. कोणत्या जातीचा मासा, गोठवलेला की ताजा, किती किलो विकला. हे आकडे मासेमारीवर पाळत ठेवण्यासाठी नव्हते. ते व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी होते. म्हणूनच ते मोलाचे. ज्या कागदाला आपल्यावर कोणी खटला उभा करील अशी भीतीच नसते, तो कागद सहसा खोटे बोलत नाही. बखरीवर विसंबण्याआधी जमाखर्चाची वही उघडावी, हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना राजवाड्यांच्या काळापासून ठाऊक आहे.

बाजारात विकला गेलेला मासा जाहीर पकडीशी जुळत नाही, ही शंका २००५ मध्ये आयोगापुढे आली आणि स्वतंत्र परीक्षण नेमले गेले. तोंडी सांगायला सोपे असले तरी हे गणित किचकट होते. लिलावात आलेल्या माशांतून आयात केलेले वजा करायचे. पिंजऱ्यांत पोसलेले वेगळे काढायचे. मासा कित्येक महिने शीतगृहात पडून राहतो, तेव्हा यंदाची विक्री ही गतवर्षीची पकड असू शकते, तो फरक धरायचा. लिलावाला न येता परस्पर विकला गेलेला माल किती, याचा अदमास घ्यायचा. एकच मासा दोन बाजारांत दोनदा मोजला गेला नाही ना, तेही पाहायचे. प्रत्येक पायरीवर अनुमान आहे, आणि जपानने पुढे आक्षेप घेतले ते याच पायऱ्यांवर.

तरीही उत्तर असे आले की पायऱ्या थोड्या इकडेतिकडे सरकवूनही तफावत बुजेना. २००६ च्या मध्यावर अहवाल सदस्य देशांच्या हाती पडला. वीस वर्षांत मिळून सुमारे १,७८,००० टन मासा नोंदींबाहेर धरला गेला असावा, असा अंदाज बाहेर आला. सरासरी काढली तर दरवर्षी जवळजवळ नऊ हजार टन. जपानचा अधिकृत कोटा सहा हजारांचा. म्हणजे कागदावर एक मासा दिसत असताना बाजारात अडीच मासे उतरत होते. ऑस्ट्रेलियाच्या मत्स्यव्यवस्थापन प्राधिकरणाचे तत्कालीन प्रमुख ग्लेन हरी यांनी त्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे या चोरट्या मालाची किंमत दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले, आणि बातमी जगभर गेली. हॅम्बुर्गला दीड हजार टनांवर घनघोर युक्तिवाद चालू होता, तेव्हा हा अंदाज खरा मानला तर, त्याच्या कितीतरी पट मासा कोणाच्याही खिजगणतीत नव्हता.

जपानने काय केले? २००५ च्या हंगामात कोट्याहून सुमारे १,८०० टन जास्त पकड झाल्याचे मान्य केले. मागच्या वीस वर्षांबद्दल मात्र कबुली दिली नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये जपानमधीलच मियाझाकी येथे आयोगाची बैठक झाली आणि जपानचा कोटा ६,०६५ वरून ३,००० टनांवर आला, २००७ पासून पाच वर्षांसाठी. गुन्हा अमान्य, शिक्षा मान्य : राजनयाच्या इतिहासात ही तडजोड नवी नाही. शिवाय जपानने घरातली व्यवस्थाही बदलली. जहाजागणिक कोटा, प्रत्येक माशाला बिल्ला, आणि मासा उतरवायला ठरावीक बंदरेच.

येथवरच्या कथेत ऑस्ट्रेलिया सत्यवादी फिर्यादी वाटतो. तो समज थोडा आवरायला हवा, कारण परीक्षणे एक नव्हे, दोन नेमली गेली होती. दुसरे होते ऑस्ट्रेलियाच्या पिंजऱ्यांचे. पोर्ट लिंकन येथील उद्योग असा चालतो : ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विस्तीर्ण आखातात दोन ते चार वर्षांची पिल्ले पर्ससीन जाळ्याने वेढायची, जिवंतच ओढत्या पिंजऱ्यात घ्यायची, तो पिंजरा अगदी संथ गतीने किनाऱ्यापर्यंत आणायचा आणि मग काही महिने तारलीसारखे मासे खाऊ घालून त्यांना पोसायचे. कोटा मोजला जातो तो धरतेवेळच्या वजनावर. पण पाण्यातल्या हजारो जिवंत माशांचे वजन करणार कसे? त्या काळी रीत अशी होती की त्यांतले चाळीस मासे गळाने काढायचे, तोलायचे, सरासरी काढायची आणि मोजलेल्या संख्येने गुणायचे. आता हे चाळीस मासे जरा लहान निघाले की सगळ्या पिंजऱ्याचे वजन घटते आणि कोट्यात आणखी मासे बसतात. जपानचा आक्षेप नेमका हाच होता. परीक्षणाला येथे ठाम निष्कर्ष काढता आला नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा कोटा ५,२६५ टनांवर तसाच राहिला. चाळिसाच्या नमुन्यावर देशाचा हिशेब उभा करणाऱ्याने दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखवावे, यातला विरोधाभास टोकियोत कोणाच्या नजरेतून सुटला नसेल.

सर्वांत मोठी हानी झाली ती शास्त्रज्ञांची. समुद्रात मासा किती उरला आहे, हे ठरवण्याचे त्यांचे मुख्य साधन म्हणजे जपानी लाँगलाइन जहाजांच्या नोंदवह्या : इतक्या गळांमागे इतके मासे. त्या वह्यांवरच अविश्वास आल्यावर मागची सगळी अनुमाने डळमळली. कोटा आपोआप ठरवणारी एक गणिती कार्यपद्धती आयोगाने वर्षानुवर्षे खपून २००५ पर्यंत जवळजवळ पूर्ण केली होती. ती बाजूला ठेवावी लागली. त्यातही एक चमत्कारिक वळण होते. इतका जास्त मासा धरूनही प्रजाती टिकली असेल, तर मुळात ती समजली होती त्याहून अधिक प्रजननक्षम असली पाहिजे. चोरी सिद्ध झाली तर मासा बलवान ठरतो, अशी ही गंमत!

पुढची पावले झपाट्याने पडली नाहीत, पण पडली. १ जानेवारी २०१० पासून पकड-दाखला योजना लागू झाली. प्रत्येक माशाला क्रमांकाचा बिल्ला, आणि धरल्यापासून विक्रीपर्यंत सोबत जाणारे कागद. अंडी घालणाऱ्या माशांचा साठा तेव्हा मूळच्या जेमतेम पाच टक्क्यांवर आला होता. २०११ मध्ये बालीत झालेल्या बैठकीत कोटा ठरवण्याची नवी कार्यपद्धती स्वीकारली गेली. जगातल्या टूना आयोगांपैकी असे करणारा हा पहिलाच.

आणि शास्त्रज्ञांनी कोणाच्याही नोंदवहीवर न विसंबणारा एक मार्ग शोधला. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेने पोर्ट लिंकनच्या पिल्लांच्या आणि बालीतील बेनोआ बंदरात उतरणाऱ्या प्रौढ माशांच्या मांसाचे नमुने घेतले, सुमारे चौदा हजार. त्यांच्या जनुकांवरून पालक आणि अपत्य अशा जोड्या शोधल्या. समुद्रात प्रौढ मासे कमी असतील तर अशा जोड्या अधिक सापडतील, पुष्कळ असतील तर क्वचितच. सापडल्या पंचेचाळीस. या वंशावळीवरून निघालेली प्रौढ माशांची संख्या जुन्या अंदाजांपेक्षा जास्त होती. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये केपटाउन येथे ठरलेल्या कार्यपद्धतीत ही रीत रुजू झाली. ज्या माशाला कप्तानाच्या लेखणीतून जावे लागत नाही, तो मोजण्याची ही युक्ती.

२०२० च्या अंदाजात साठा मूळच्या वीस टक्क्यांपर्यंत चढला होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी सुधारून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. २०२४ ते २०२६ या वर्षांसाठीचा एकूण कोटा २०,६४७ टन आहे, म्हणजे १९८९ च्या पावणेदोन पट.

त्सुकिजीचा तो लिलाव २०१८ मध्ये तोयोसूला हलला. बाजाराच्या परीक्षणाचा २००६ चा अहवाल मात्र आयोगाने गोपनीय ठेवला, आणि या प्रकरणाचा इतिहास आजवर त्याचा मूळ कागद समोर न ठेवताच लिहिला गेला आहे. आयोगाच्या अधिकृत पकड-कोष्टकांत १९८० आणि १९९० च्या दशकांचे जपानी रकाने पूर्वी कळवले होते तसेच छापलेले असतात. सोबत एक टीप असते. २००६ च्या परीक्षणांनुसार त्याआधीच्या दहा ते वीस वर्षांतील पकड बरीच कमी नोंदवली गेली असावी, आणि त्या अनोंदित पकडीचा अंदाज या कोष्टकात धरलेला नाही, अशा अर्थाची.